इंजिन बसलेली जुनी स्विफ्ट: इंजिन बदलावे, त्याचेच काम काढावे की गाडी विकावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी 2013 सालची स्विफ्ट डिझेल, नोंदणी एमएच-15, एकूण धाव 1,68,000 किलोमीटर. मुंबईहून परतताना कसारा घाटात एसीतून गरम वारा येऊ लागला, इगतपुरीच्या पुढे तापमानाचा लाल दिवा लागला, तरीही तुम्ही घोटीच्या टोल नाक्यापर्यंत गाडी आणली आणि तेथे इंजिन जे बंद पडले ते पुन्हा फिरलेच नाही. नाशिकला टोइंग करून आणल्यावर गॅरेजने तीन आकडे सांगितले: आहे तेच इंजिन पूर्ण खोलून काम करायचे तर 95,000 रुपये, कुर्ल्याहून जुने इंजिन आणून बसवायचे तर 65,000 आणि कंपनीचे नवे ब्लॉक-हेड घ्यायचे तर दोन लाखांच्या पुढे. चालू स्थितीत या गाडीला 2,60,000 मिळतील आणि आहे तशी उचलायला 70,000, असे जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी सांगितले आहे. वापर नाशिकरोड ते सिन्नर असा रोजचा, म्हणजे महिन्याला हजार-अकराशे किलोमीटर.

या तीन आकड्यांपैकी एकही आकडा इंजिन उघडून दिलेला नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असाच हा प्रकार आहे. गॅरेजवाला फसवतो आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु तापून बंद पडलेल्या इंजिनात केवळ हेड गॅसकेट (खालचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधला सील) गेले आहे, पिस्टन चिकटले आहेत की क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगपर्यंत नुकसान पोचले आहे, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही आणि या तिन्हींच्या खर्चात फार मोठे अंतर असते. म्हणून आधी निदानापुरते पैसे खर्च करावेत, त्या खर्चाचा आकडा वेगळा ठरवून घ्यावा आणि ‘उघडल्यावर काम आमच्याकडेच करायचे’ अशी अट असल्यास ती मान्य करू नये.

निदानाची सुरुवात इंजिन उतरवण्यापासून होत नाही. इंजिन फिरत नाही म्हणजे ते आतूनच जाम झाले आहे असे नसते. स्टार्टर गेला असेल, बॅटरीची अर्थिंग सैल असेल किंवा अल्टरनेटर वा एसी कॉम्प्रेसर जाम होऊन बेल्टने इंजिनाला धरून ठेवले असेल. म्हणून बेल्ट काढून टाकावा, चारही ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) काढावेत आणि क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवून पाहावे. उलट दिशेने फिरवू नये, कारण या इंजिनात टायमिंग चेन आहे आणि तिचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब नसताना उलटे फिरवले तर चेन दात सोडण्याची भीती असते. ग्लो प्लग काढल्यावर इंजिन फिरले आणि एखाद्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली, तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरले होते आणि पाणी दाबले जात नसल्याने पिस्टन अडला होता, असा त्याचा अर्थ. ही बातमी वाईट असली तरी सर्वांत वाईट नव्हे. थंड झाल्यावर इंजिन मोकळे फिरते, पण ठरावीक जागी खरखर लागते, असेही होते. अशा वेळी तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरला घासलेला असतो आणि पातळ बोअरस्कोप (नळीच्या टोकावरचा कॅमेरा) आत सोडला की भिंतीवर उभ्या ओरखड्यांच्या रेषा दिसतात.

इंजिन फिरत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासावे. या इंजिनाचे कॉम्प्रेशन गुणोत्तर 17.6 आहे. निरोगी डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा दाब साधारण 25 ते 30 बारच्या दरम्यान मिळतो, आणि चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणे हे एकट्या आकड्याइतकेच महत्त्वाचे असते. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी असेल तर त्यांच्या मधले गॅसकेट फुटल्याचा संशय घ्यावा. दाब कमी असलेल्या सिलिंडरमध्ये हवा भरून कान लावला की उत्तर आपोआप मिळते: ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा हेडची चीर.

यानंतर ऑइल फिल्टर. या गाडीत फिल्टरचा कागदी गाभा वेगळा निघतो, त्यामुळे डबा कापावा लागत नाही. कागदाच्या घड्या उघडून त्या उन्हात तिरप्या धराव्यात. काळपट चिकटा दिसला तर तो डिझेल इंजिनात असतोच. परंतु सोनेरी किंवा चांदीसारखी चमकणारी बारीक कणी दिसली आणि ती लोहचुंबकाला चिकटली नाही, तर बेअरिंगचा मुलामा सुटला आहे असे समजावे. चुंबकाला चिकटणारी कणी असेल तर क्रँक, कॅम किंवा चेनची झीज शोधावी. ही कणी सापडली की कामाचे स्वरूपच बदलते, कारण तेच ऑइल टर्बोच्या (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) बेअरिंगला आणि ऑइल कूलरलाही जाते. ऑइल कूलरच्या आत अडकलेली कणी धुऊन निघत नाही, आणि जुना कूलर तसाच ठेवून बसवलेले नवे बेअरिंग काही हजार किलोमीटरांतच पुन्हा आवाज करू लागल्याच्या गाड्या आमच्याकडे येत असतात. अशा वेळी कूलर बदलायचा, टर्बो उघडून पाहायचा आणि त्याची ऑइल नळी नवी टाकायची, हे अंदाजपत्रकात लिहिलेले नसेल तर ते अंदाजपत्रक अपुरे आहे.

एवढे झाल्यावर इंजिन कशाने गेले हे ठरवावे, आणि माझ्या मते हा प्रश्न इंजिन बदलायचे की नाही यापेक्षाही आधीचा आहे. इंजिन तापले हा परिणाम झाला. तापायला पाण्याचा पंप, फुटलेला होज, अडकलेला थर्मोस्टॅट, न फिरणारा पंखा, आतून क्षार साचलेला रेडिएटर यांपैकी काहीतरी कारणीभूत आहे. वर्षानुवर्षे कूलंटऐवजी बोअरचे पाणी टाकलेल्या गाड्यांचे रेडिएटर खोलले की नळ्यांत पांढरा थर दिसतो. त्याच रेडिएटरवर दुसरे इंजिन बसवले तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच घाटात तीच कथा. तुमच्या वर्णनात एक उपयोगी धागा आहे: एसी आधी गरम झाला आणि दिवा नंतर लागला. इंजिन तापू लागले की ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, म्हणजे इशारा घाटातच मिळाला होता. दिवा मात्र उशिरा लागला असावा, कारण तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे तापमान सांगतो. कूलंट वाहून गेले की तो वाफेत राहतो आणि कमी तापमान दाखवू शकतो. यावरून कूलंट हळूहळू कमी झाले नसून घाटात एकदम गेले असावे, असा माझा अंदाज आहे. म्हणून होज, पंपाचे सील आणि रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा सांधा हे आधी पाहायला सांगा.

आता पैशांकडे येऊ. गाडीची किंमत अडीच लाख आणि दुरुस्ती लाखाची, मग एवढा खर्च कशाला, असा हिशेब बहुतेक जण करतात. तो चुकीचा आहे. दुरुस्तीचा खर्च ताडून पाहायचा तो गाडीच्या किमतीशी नव्हे, तर चालू गाडीची किंमत आणि बंद गाडीची किंमत यांतील फरकाशी. तुमच्या बाबतीत तो फरक 1,90,000 आहे. कामाचे 95,000 आणि त्याबरोबर येणाऱ्या वस्तूंचे (त्यांविषयी पुढे लिहिले आहे) साधारण 25,000 धरले, तर 1,20,000 घालून 1,90,000 वाचतात. मात्र हा हिशेब ‘बाकी गाडी ठीक आहे’ या एका गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीत तपासण्यासाठी इंजिनाकडे पाठ करून गाडीखाली शिरावे लागते. पुढचे सबफ्रेम (इंजिनाखालची लोखंडी चौकट), दारांखालच्या पट्ट्या आणि मागच्या चाकांच्या कमानी येथे गंज आतून पोखरतो आहे का, गिअरबॉक्स दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला कुरकुरत होता का, स्टिअरिंग रॅक, शॉक ॲब्सॉर्बर, टायर, एसी यांची अवस्था काय, हे एका कागदावर लिहून प्रत्येकापुढे रक्कम मांडावी. ती बेरीज 60,000 ते 70,000 रुपयांवर गेली, तर फरक संपला. अशा गाडीवर इंजिनाचे काम करू नये. आणि गाडी पूर्वी मोठ्या अपघातात सापडलेली असेल, तर मी बेरीजही करत बसणार नाही.

पर्यायी गाडीचाही हिशेब याच कागदावर यावा. आठ लाखांची नवी गाडी, दोन लाख रोख आणि सहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास बसतो आणि पाच वर्षांत केवळ व्याजाचेच जवळजवळ दीड लाख होतात, म्हणजे तुमच्या इंजिनाच्या पूर्ण कामापेक्षा अधिक. नवी गाडी घेऊ नये असे नाही. पण इंजिनाचे काम महाग पडते म्हणून ती घेतो, हे कारण टिकणारे नाही. तीन लाखांची दुसरी जुनी गाडी घेण्याचा विचार असेल, तर तिचा इतिहास तुम्हाला माहीत नसतो, आणि आगीतून फुफाट्यात पडलेले अनेक जण त्याच मार्गाने गेलेले असतात.

एक गोष्ट मात्र या हिशेबाला काट लावते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, म्हणून तुमचे आरसी 2028 मध्ये संपेल. त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते; मोटारगाडीसाठी त्याचे शुल्क एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये झाले आहे आणि त्याखेरीज राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्ली परिसरातील दहा वर्षांच्या डिझेल गाडीचा नियम नाशिकला लागू नाही, त्यामुळे त्या भीतीने गाडी विकण्याचे कारण नाही. तरी 2028 जवळ येईल तशी गिऱ्हाइकाची बोली घसरत जाणार, हे धरून चालावे. इंजिनाचे काम करून लगेच विकण्याचा बेत असेल, तर तो फारसा किफायतशीर नाही. काम करून आणखी चार-पाच वर्षे वापरणार असाल तरच ते पैसे फिटतात.

आता तीन मार्गांपैकी कोणता. कंपनीच्या नव्या ब्लॉक-हेडचा पर्याय या वयाच्या गाडीसाठी मी बाजूला ठेवतो. दोन लाखांवर खर्च हा तुमच्या 1,90,000 च्या फरकाबाहेर जातो. राहतात दोन.

जुन्या इंजिनाचे आकर्षण समजण्यासारखे आहे: काम दोन-तीन दिवसांत होते आणि आकडा कमी दिसतो. तुमच्या गाडीतील 1248 सीसीचे फियाट मूळाचे इंजिन डिझायर, रिट्झ, अर्टिगा यांत आणि टाटा व फियाटच्या काही गाड्यांतही होते, त्यामुळे ते बाजारात सहज मिळते. परंतु ‘तेच इंजिन’ असे सांगितले तरी ते तेच असेलच असे नाही. स्विफ्टमध्ये ते 75 पीएस शक्तीचे, साध्या टर्बोचे आहे. अर्टिगा, एसएक्स4, सियाझ यांत 90 पीएसचे, बदलत्या भूमितीच्या टर्बोचे आले. त्यांचा टर्बो, त्याचे नियंत्रण आणि ईसीयूची जुळणी वेगळी असल्याने ते तुमच्या गाडीत जसेच्या तसे चालत नाही. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल इंजिने थांबवली, म्हणजे बाजारातले सर्वांत तरुण इंजिनही आता काही वर्षांचे आहे.

विक्रेता जी हमी देतो ती बहुधा ‘चालू करून देण्याची’ असते. इंजिन खराब निघाले तर तो दुसरे देईल, पण उतरवण्या-चढवण्याची मजुरी दुसऱ्यांदा तुमच्याच खिशातून जाईल, हे आधी विचारून घ्यावे. इंजिन जमिनीवर असतानाच स्टार्टर आणि बॅटरी लावून कॉम्प्रेशन मोजता येते; त्याला नकार देणाऱ्याकडून घेऊ नये. ऑइलचे झाकण उघडून आत दुधी मलईसारखा थर आहे का ते पाहावे, कारण तो पाणी ऑइलमध्ये मिसळल्याची खूण आहे. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज आणि अल्टरनेटरच्या जाळीत वाळलेला गाळ दिसला तर ते इंजिन पुरात बुडालेल्या गाडीचे आहे. समोरून धडक बसलेल्या गाडीचे इंजिन मात्र, माउंटिंगचे कान आणि संप (खालची ऑइलची टाकी) शाबूत असतील तर, मी अधिक पसंत करतो, कारण ते धडकेच्या क्षणापर्यंत चालत होते.

इंजिन क्रमांक पुसलेला, घासलेला किंवा नव्याने ठोकलेला असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी तेथून निघावे. बिलाशिवाय घेतलेले इंजिन ज्या गाडीतून काढले ती गाडी चोरीची निघाली, तर पोलिसांपुढे उत्तर तुम्हाला द्यावे लागेल. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीतील बदलाची माहिती 14 दिवसांत नोंदणी कार्यालयाला द्यावी लागते आणि आरसीवर नव्या इंजिनाचा क्रमांक चढवावा लागतो. त्यासाठी पेठ रोडच्या आरटीओत गाडी आणि बिल दोन्ही न्यावे लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे पत्रही. त्यानंतर विमा कंपनीलाही नवा क्रमांक कळवावा, अन्यथा पुढे दाव्याच्या वेळी आरसी आणि गाडी यांतील तफावत तुमच्या अंगाशी येईल. तुमचेच इंजिन दुरुस्त केले आणि ब्लॉक तोच राहिला, तर यातले काहीच करावे लागत नाही. 95,000 आणि 65,000 यांची तुलना करताना ही सोय कोणी मोजत नाही.

विम्यातून काही मिळेल का, असेही तुम्ही विचारले आहे. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही, आणि इंजिनासाठीचे जादा संरक्षण एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. त्यात वेळ घालवू नये.

त्यामुळे माझे मत असे: फिल्टरमध्ये चमकणारी कणी नसेल, क्रँक मोकळा फिरत असेल आणि वर सांगितलेली बाकी गाडीची बेरीज 60,000 च्या आत असेल, तर स्वतःच्याच इंजिनाचे काम काढावे. ब्लॉकला चीर असेल किंवा क्रँक घासून मापाबाहेर गेला असेल, तरच बिल असलेले आणि मोजून घेतलेले जुने इंजिन पाहावे. या दोन्ही मार्गांच्या अटी बसत नसतील तर आहे तशी गाडी 70,000 ला द्यावी, किंवा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राचा भाव विचारून पाहावा. तेथील जमा प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात सवलत मिळू शकते. केंद्राच्या नियमांत ती 25 टक्क्यांपर्यंत आहे.

काम नाशिकमध्येच होत असल्याचा एक फायदा घ्या. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक पट्ट्यात बारीक मापाचे काम करणाऱ्या मशिनशॉपची कमतरता नाही. गॅरेजला सांगा की हेड आणि ब्लॉक मशिनशॉपमध्ये गेल्यावर मापांचा कागद हवा. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी डायल गेजने मोजलेला असावा, म्हणजे तो किती निमुळता व किती लंबगोल झाला ते कळते. हेड ॲल्युमिनियमचे असते आणि तापले की वाकते. त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालतात. साधारणपणे 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त फट मिळाली तर फेसिंग (घासून सपाट करणे) लागते. परंतु फेसिंगच्या आधी हेडची दाब चाचणी करून चीर नाही याची खात्री करावी, आणि फार तापलेल्या हेडचा कडकपणाही तपासावा. मऊ पडलेले हेड सपाट करून बसवले तरी पुन्हा वाकते. डिझेलमध्ये हेड मनसोक्त घासता येत नाही, आणि गॅसकेटची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून निवडावी लागते. ‘स्टॅण्डर्ड टाकला’ हे उत्तर स्वीकारू नका. हेडचे बोल्ट नवेच घ्यावेत, कारण एकदा ताणलेले बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाहीत.

गिअरबॉक्स वेगळा झालेलाच असतो, तेव्हा क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सील त्याच वेळी बदलावे. सहा महिन्यांनी हेच काम करायचे तर सगळी मजुरी नव्याने पडते. टायमिंग चेन, तिचे गाईड आणि टेन्शनर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, सर्व होज आणि झिजलेली माउंटिंग यांचेही तसेच. रेडिएटर साफ करून घेण्यापेक्षा बदलावा. वरच्या हिशेबातले 25,000 याचसाठी धरले होते, आणि तुमच्या गॅरेजच्या 95,000 मध्ये यांतील काय धरले आहे ते लेखी घ्यावे.

इंजिन पहिल्यांदा चालू करण्याआधी इंधन बंद ठेवून स्टार्टरने ऑइलचा दाब चढवावा, मग इंजिन चालू करावे आणि पंखा दोनदा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत कूलंटची पातळी पाहत उभे राहावे. पहिले ऑइल आणि फिल्टर हजार किलोमीटरला बदलावे आणि त्या फिल्टरच्याही घड्या उघडून पाहाव्यात. तोपर्यंत सिन्नरची रोजची ये-जा करायला हरकत नाही, पण एकाच वेगात तासन्‌तास चालवू नये, समृद्धी महामार्गावर गाडी नेऊ नये आणि भरल्या गाडीने घाट चढू नये.